सदर गल्ली

परगावच्या माणसाला पत्ता सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. नोकरी पालघरला, राहणे बोईसरला, आणि घरामागे पसरलेल्या कारखान्यांच्या वसाहतीचे नाव मात्र तारापूर. खुद्द तारापूर गाव तिथून लांब, समुद्राच्या बाजूला आपला जुना किल्ला सांभाळत स्वस्थ बसलेले आहे. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले तेव्हापासून नाव तारापूरचे आणि गर्दी बोईसरची अशी जी वाटणी झाली ती आजतागायत चालू आहे. मुंडावळ्या एकाने बांधाव्या आणि पंगतीत वाढायला दुसऱ्याने वाकावे, तसे. त्यात २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून आमचा पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि मी टेबल न बदलता जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला लागलो. पगारात फरक पडला नाही.

ज्या गल्लीत मी राहतो तिला तर नावच नाही. पत्रावर आम्ही 'डेअरीसमोर' असे लिहितो, आणि ती डेअरी बंद होऊन नऊ वर्षे झाली. गल्ली माझ्या पावलांनी एकशे ऐंशी पावले. रुंदी अशी की एक टेंपो आणि एक गाय, दोघांनीही समजूतदारपणा दाखवला तर एकमेकांना ओलांडू शकतात. गाय बहुधा दाखवते.

या गल्लीने मला या वयात विचार करायला लावले, ही माझी तिच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे. मी बी.कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात 'चांगले म्हणजे काय' हा प्रश्न नव्हता, 'घसारा किती धरावा' हा होता. त्यावर बावीस वर्षे बँकेत काढली. तिथे प्रश्न विचारणारा माणूस काचेच्या पलीकडे असतो आणि त्याला "सर्व्हर डाऊन आहे" असे सांगता येते. गल्लीच्या बाबतीत ती सोय नाही.

झाले असे, की २०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मोठा रस्ता कसल्याशा पाइपासाठी खणला गेला. आपल्याकडे रस्ता खणायला पावसाळ्याचा मुहूर्त धरतात. कोरड्या मातीत खणणे अपशकुनी असावे. मोठा रस्ता अडला तसे कोणा एका रिक्षावाल्याला शोध लागला की आमची गल्ली एका टोकाला तारापूर रस्त्यावर उघडते आणि दुसऱ्या टोकाला स्टेशनकडे. कोलंबसानंतर इतक्या लोकांना इतका त्रास देणारा शोध दुसरा लागला नसेल. त्या रिक्षामागून रिक्षा आल्या. रिक्षांमागून टेंपो, टेंपोमागून पाण्याचे टँकर, आणि पाळी सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बसेस. पाइप घातला गेला, खड्डा बुजला, रस्ता पूर्ववत म्हणजे पूर्वीइतकाच वाईट झाला. पण एकदा सापडलेली जवळची वाट माणूस सोडत नाही. मीही सोडली नसती.

आम्ही गल्लीकर सुरुवातीला नुसते चिडत होतो. चिडण्याचे मुख्य केंद्र म्हणजे आमच्या इमारतीतले अणुकाका. हे त्यांचे खरे नाव नव्हे. अणुवीज केंद्रातून निवृत्त झाले म्हणून पोरांनी ठेवलेले. गृहस्थांनी सगळी हयात सुरक्षेत घालवलेली. अणुभट्टीला म्हणे एकावर एक संरक्षणे असतात. एक फसले तर दुसरे, दुसरे फसले तर तिसरे. त्यामुळे अणुकाका दुधाची पिशवी आणायला जातानाही छत्री, काठी आणि शिट्टी घेऊन जातात. एका सकाळी टेंपोच्या आरशात त्यांची छत्री अडकली आणि टेंपोबरोबर स्टेशनपर्यंत गेली. त्यांनी शिट्टी वाजवली. टेंपोवाल्याने हात हलवून निरोप घेतला.

तोवर सगळे हसण्यावारी चालले होते. मग एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनींची मुलगी सायकल घेऊन फाटकातून बाहेर पडली. तिला दुसरीत जाऊन महिनाही झाला नव्हता. कोणाची तरी गाडी आली, गेली. नंबर कोणी पाहिला नाही. मुलगी गटाराच्या कडेला पडली होती, कोपर आणि हनुवटी सोलवटलेली. आणि सायकलचे मागचे चाक पापडासारखे दुमडलेले. मी त्या वेळी भाजीची पिशवी घेऊन दहा पावलांवर होतो. ती मुलगी रडत नव्हती. चाकाकडे बघत होती. आम्ही सगळेच चाकाकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघण्याचे धाडस कोणाला होत नव्हते.

त्या रात्री गच्चीवर सभा भरली. आमच्या गच्चीवर एरवी फक्त कोजागिरी आणि गळती या दोन विषयांवर सभा भरते. त्या दिवशी मात्र चाळीस माणसे आली. कोणी तरी चारोटीची आठवण काढली. ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा सगळा देश महिनाभर गाडीच्या मागच्या सीटवरच्या पट्ट्याबद्दल बोलत होता. "मोठा माणूस गेल्याशिवाय कोणी बघत नाही हो," असे एक जण म्हणाले. त्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आमची मोठी होईपर्यंत थांबायचं का?" मग कोणी बोलले नाही.

पहिला ठराव गतिरोधकाचा झाला. गतिरोधक कसा असावा हे आपल्या देशात ठरलेले आहे. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. (ही काँग्रेस १९३४ पासून आहे आणि एकही निवडणूक लढलेली नाही.) तिच्या मापाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. म्हणजे गाडी ताशी पंचवीसच्या वेगाने अलगद चढून अलगद उतरते. ही माहिती आम्हाला नंतर कळली. आम्ही आधीच, गळतीच्या दुरुस्तीतून उरलेले सिमेंट वापरून, रात्रीतून एक वस्तू उभी केली होती. उंची नऊ इंच, रुंदी दीड वीत. तो गतिरोधक नव्हता, ती समाधी होती. पहिल्या दिवशी तिच्यावर माझ्या स्कूटरचा सायलेन्सर पडला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची सौभाग्यवती रिक्षातून येताना टपाला डोके आपटून उतरली आणि तिने सेक्रेटरींना तांत्रिक स्वरूपाचे काही प्रश्न विचारले. तिसऱ्या दिवशी समाधी सपाट झाली. रिक्षावाल्यांनी फोडली असे सेक्रेटरी सांगतात. माझा संशय वेगळा आहे.

मग अणुकाका उभे राहिले आणि म्हणाले, "रोग आत आल्यावर औषध कसलं घेता? दारच लावा. गल्ली बंद करा."

ही कल्पना इतकी सोपी होती की सगळ्यांना आपल्यालाच सुचल्यासारखी वाटली. स्टेशनकडच्या टोकाला लोखंडी दांडा टाकायचा. गल्लीची एक बाजू बंद झाली की जवळची वाट संपली. मग आपली गल्ली म्हणजे नुसते घराचे अंगण. अर्ज लिहिण्याचे काम अर्थात माझ्याकडे आले. बँकेत नोकरी करणारा माणूस अर्ज चांगला लिहितो असा समज आहे. वास्तविक आम्ही अर्ज वाचतो आणि नाकारतो. पण लिहिला. 'सदर गल्लीतून अवजड वाहनांची बेसुमार ये-जा होत असून लहान मुले, वृद्ध व स्त्रिया यांच्या जीवितास धोका निर्माण झाला आहे. तरी सदर गल्ली वाहतुकीस बंद करण्यात यावी.' सौ.ने वाचून "पुरुषांना धोका नाही का?" एवढेच विचारले.

अर्ज कोणाला द्यायचा यावर पंधरा दिवस गेले. गल्ली ग्रामपंचायतीची, तिला लागलेला रस्ता दुसऱ्या खात्याचा, पलीकडची वसाहत औद्योगिक महामंडळाची आणि वाहतूक पोलिसांची. मोटार वाहन कायद्याच्या, १९८८ च्या, ११५ व्या कलमात सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालायची तरतूद आहे. पण ती सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने घालायची. गच्चीवरच्या सभेने नव्हे. हे मी सभेला सांगितले. सभेने ते ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारी दांडा बसवला. 'तात्पुरता' म्हणून. तात्पुरता हा मराठीतला सर्वांत टिकाऊ शब्द आहे. आमच्या शाखेत १९९८ साली तात्पुरते ठेवलेले एक कपाट आहे, त्याच्याभोवती नंतर इमारतीची रचना बदलली.

दांडा पडला आणि आमच्या गल्लीत जे झाले ते खोटे वाटेल असे होते. पहिले दोन दिवस नुसती शांतता. इतकी, की लोकांना झोप येईना. मग पोरे हळूहळू बाहेर आली. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर खडूने लंगडीचे घर आखलेले दिसले. वहिनींची मुलगी नवे चाक बसवलेली सायकल घेऊन दांड्यापासून डेअरीपर्यंत आणि डेअरीपासून दांड्यापर्यंत अशा फेऱ्या मारू लागली. म्हाताऱ्यांनी खुर्च्या आणून टाकल्या. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले आणि ते फार चांगले गृहस्थ निघाले. रस्ता म्हणजे दोन ठिकाणांमधली अडचण अशी माझी समजूत होती. रस्ता हेही एक ठिकाण असते हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. म्हणजे सर्वज्ञ आहेत. त्यांनी मोबाइलवरून सांगितले की आपण केले ते काही नवे नाही. बार्सिलोना शहरात २०१६ पासून काही चौकोनी वस्त्यांच्या आतले रस्ते असेच गाड्यांकडून काढून माणसांना दिले आहेत. हॉलंडात १९७१ साली एका वर्षात चारशेवर मुले रस्त्यांवर मेली, तेव्हा आयाबाया रस्त्यात उतरल्या आणि 'मुलांचे खून थांबवा' असे सरळ नाव देऊन त्यांनी चळवळ केली. त्यांच्या आंदोलनाला संकोच नव्हता. आमच्या अर्जात 'जीवितास धोका' होता.

मला त्या काळात फार थोर वाटत असे. पालघरला स्टेशनवरून शाखेत जाताना वाटेत हुतात्म्यांचे स्मारक आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला लोक मोर्चाने कचेरीवर निघाले, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. रोज तिथून जाताना माझे लक्ष घड्याळाकडे असते. पण त्या आठवड्यात मनात आले, की त्या दिवशी हा रस्ता चालणाऱ्यांचा होता. आपल्या लोखंडी दांड्याला त्यांच्या पंक्तीला बसवण्याइतका मी मूर्ख नाही. पण रस्ता माणसांचा, गाड्यांचा नव्हे, हा विचार त्या आठवड्यात मला आपलाच वाटत होता.

आता जी गोष्ट मी सभेत सांगितली नाही ती सांगतो.

दांडा स्टेशनकडच्या टोकाला होता. मला रोज स्टेशनलाच जायचे असते. स्कूटर स्टेशनबाहेर लावायची आणि गाडीने उमरोळी सोडून पालघर गाठायचे. तेव्हा दांड्यामुळे मलाच उलटे तारापूर रस्त्यावर येऊन, मोठ्या रस्त्याने गर्दीतून जावे लागणार. अकरा मिनिटे जास्त. पण आमच्या इमारतीच्या मागे एक पाडा आहे. दाटीवाटीची तीस-पस्तीस घरे, मधून एक वाट. ती स्टेशनकडे निघते. या घरांना ओटा नाही, फाटक नाही, पायरी उतरली की रस्ताच. रस्त्यातच नळ, रस्त्यातच कोंबड्या, रस्त्यातच सुकत घातलेले बोंबील. आमच्या गल्लीला कोपऱ्यावर निदान गटाराचा आडोसा आहे. त्या वाटेला आणि घराला वेगळे करणारे काहीच नाही.

त्या वाटेने मी जाऊ लागलो. पहिले काही दिवस मला वाटले, हा शोध माझाच. मग मागून टेंपोचा भोंगा वाजला. ओळखीचा होता. अणुकाकांची छत्री नेणारा.

आता इथे माझे शिक्षण आडवे येते. जमा-नावे लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते ती इतरांना कळत नाही, की आकडा नाहीसा होत नाही. एका खात्यातून गेला म्हणजे तो दुसऱ्या खात्यात पडलेला असतो. आमच्या गल्लीच्या खात्यावर शांतता जमा झाली होती. चाळीस माणसांनी आनंदाने पासबुक भरून घेतले होते. समोरची नावेची नोंद कुठे पडली हे कोणी विचारले नव्हते. विचारायचे तर ते मी विचारायला हवे होते. मी पगार त्याचाच घेतो.

मी काय केले? उचंत खाते नावाची एक सोय आमच्याकडे असते. ज्या रकमेचे काय करायचे ते कळत नाही ती तिथे टाकतात. तिथे टाकली.

एका सोमवारी मला उशीर झाला. शाखेत बोटाचा ठसा द्यावा लागतो आणि यंत्राला कारण सांगता येत नाही. मी पाड्याच्या वाटेने जरा वेगात, म्हणजे ज्या वेगाला मी आमच्या गल्लीत 'बेसुमार' म्हटले असते त्या वेगात, निघालो. नळाच्या वळणावर एक मुलगी कमरेवर हंडा घेऊन पायरीवरून उतरली. एवढीशी. मी ब्रेक दाबला. कोंबड्या उडाल्या. स्कूटर एकीकडे, मी दुसरीकडे, आणि हंडा गडगडत तिसरीकडे. मुलीला काही झाले नाही. चाक आणि तिचा पाय यांच्यात किती अंतर राहिले ते मी पाहिले आहे. ते मी अजून सौ.ला सांगितलेले नाही, आणि इथेही लिहीत नाही.

मुलगी रडली नाही. हंड्याकडे बघत होती.

घरातून एक म्हातारी आली. तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. मी तयारीत होतो. तिने मला दंडाला धरून उठवले, पायरीवर बसवले, हंड्यात उरलेले पाणी तांब्यात ओतून प्यायला दिले. गुडघा पाहिला. मग विचारले, "कुठे राहता?"

मी हाताने आमची इमारत दाखवली.

"हां, तिकडे दांडा टाकला ना," ती म्हणाली. "म्हणून इकडून येतात सगळे." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हवा बदलल्याचे सांगावे तसे ती सांगत होती. मग थोडे थांबून म्हणाली, "तो दांडा कुठे मिळतो? आम्हाला पण एक पाहिजे."

मी माझ्या नोकरीत कर्ज मागणाऱ्यांना शेकडो कारणे दिली आहेत. त्या पायरीवर एकही आठवेना.

दिवसभर मी पाचशेच्या नोटा मोजत होतो आणि डोक्यात ती म्हातारी. तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. आमच्या पोरीसाठी दांडा, तर तिच्या नातीसाठी का नाही? अर्जातला प्रत्येक शब्द तिकडे जास्त खरा होता. पण तिथे दांडा पडला की वाहतूक जाईल तिसऱ्या गल्लीत. तेही दांडा आणतील. कांट नावाचा एक जर्मन तत्त्ववेत्ता अठराव्या शतकात होऊन गेला. त्याचे म्हणणे असे, की जे सगळ्यांनी केले तरी चालेल असे तुम्हाला मनापासून म्हणता येते तेवढेच करा. उत्तम. सगळ्या बोईसरने दांडे टाकले तर आम्हाला एकमेकांकडे पोस्टकार्डानेच जावे लागेल. हा कांट रोज ठरलेल्या वेळी फिरायला निघायचा आणि त्याला बघून लोक घड्याळे लावायचे, असे सांगतात. त्याच्या गल्लीतून टँकर जात नसत.

आणि दांडा काढावा म्हटले, तर सायकलचे ते चाक डोळ्यांसमोर येते.

एक आकडा मी शोधून काढला आहे. आकड्यांनी मला बरे वाटते. १८९६ साली लंडनमध्ये मोटारीखाली सापडून एक बाई गेली. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचारी मरण्याची ती पहिली वेळ मानतात. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने 'असे पुन्हा कधी न घडो' असे म्हटले होते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. दिवसाला सरासरी चारशे बासष्ट. त्यांत नुसते पायी चालणारे ३२ हजारांवर. आकड्याने बरे वाटले नाही. या सगळ्यांना मारणारे राक्षस होते अशी माझी समजूत होती. त्या सोमवारनंतर मला शंका आहे, की त्यांतल्या बऱ्याच जणांना नुसता उशीर झाला असावा.

पुढच्या रविवारी मी गच्चीवर सभा बोलावली. म्हटले, दांडा राहू दे, पण अवजड वाहने मोठ्या रस्त्यावरच राहतील अशी व्यवस्था मागू. दोन्ही वाटांवर मापाचे गतिरोधक मागू. त्या हॉलंडवाल्यांनी नुसते रस्ते बंद केले नाहीत. घरांपुढच्या रस्त्यांवर गाडीला माणसाच्या चालीने चालायला लावले. ते होईपर्यंत दांडा निदान रिक्षा-स्कूटरींपुरता उघडू, म्हणजे पाड्यावरचा निम्मा भार आपण घेऊ.

'भार आपण घेऊ' म्हणताना माझा आवाज जरा चढला होता. पाडगावकरांच्या कवितेला बसेल असा क्षण होता तो. टाळ्या पडतील असे वाटले.

अणुकाका म्हणाले, "धोका वाटून घेतल्याने कमी होतो हे कोणत्या पुस्तकात आहे?" सेक्रेटरी म्हणाले, "पाड्याचं पाडा बघेल." हे मला अपेक्षित होते. याला माझ्याकडे उत्तर होते.

मग वहिनी बोलल्या. हळू बोलल्या. "भावोजी, तुमचं सगळं पटतं. पण तुमचा मुलगा अकरावीत आहे. माझी दुसरीत आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजून नाही. जी आई आपल्या मुलीचा निम्मा धोका शेजारणीच्या मुलीला न देता स्वतःच्या दारात परत बोलावील ती संत म्हणायची. आणि संत होण्याचा आग्रह मी माझ्या मुलाच्या जिवावर धरीन, पण दुसऱ्याच्या मुलीच्या जिवावर कसा धरू? बरे, मुलाच्या जिवावर तरी धरतो का? तो दुसरीत असता तर मी ही सभा बोलावली असती का? हात वर करण्याची वेळ आली तेव्हा मी दोन्ही हातांनी चष्मा पुसत होतो. ठराव फेटाळला गेला. इतिवृत्तात 'एक सभासद तटस्थ' अशी नोंद आहे. ती मीच लिहिली.

पण दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो आणि म्हातारीला अर्ज लिहून दिला. लिहून म्हणजे काय, आमच्याच अर्जाची नक्कल केली. एक शब्द बदलावा लागला नाही. 'सदर गल्लीतून अवजड वाहनांची बेसुमार ये-जा होत असून...' खाली तीस-पस्तीस अंगठे आणि सह्या. गतिरोधकाची मापे मात्र मी दोन्ही अर्जांना जोडली, दहा सेंटीमीटर आणि ३.७ मीटर, आणि अवजड वाहनांबद्दलचे कलमही. आमचा अर्ज दांडा टाकण्याच्या गडबडीत द्यायचा राहूनच गेला होता. दोन्ही एकदमच नेऊन दिले.

आवक खिडकीवरच्या गृहस्थांनी दोन्ही कागद पाहिले, पुन्हा पाहिले. एकामागून एक शिक्के मारले, लागोपाठचे क्रमांक घातले. धंद्याने आम्ही दोघे भाऊच. दुसऱ्याचे अक्षर ओळखण्यात आमची जिंदगी जाते.

"दोन्ही तुमचंच अक्षर?"

"हो."

"ही गल्ली बंद करा, आणि तीही बंद करा?"

"हो."

"मग गाड्यांनी जायचं कुठून?"

मी म्हटले, "तेच तुम्हाला विचारायला आलो होतो." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पोच दिली.

याला आता बरेच महिने झाले. पोच माझ्या पाकिटात आहे. मध्यंतरी मोठ्या रस्त्यावर 'अवजड वाहनांस आत प्रवेश नाही' असा एक फलक लागला. कोणाच्या अर्जाने लागला ते माहीत नाही. टँकर थोडे कमी झाले, टेंपो झाले नाहीत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर झाले की मालाच्या गाड्या किती वाढतील याचा हिशेब अणुकाका रोज संध्याकाळी खुर्चीवर बसून करतात. आमचा दांडा आहे. त्याला गेल्या दिवाळीत रंगही दिला. वहिनींच्या मुलीला आता दोन हात सोडून सायकल चालवता येते.

मी अजून पाड्याच्या वाटेनेच जातो, कारण अकरा मिनिटे ही अकरा मिनिटे आहेत. फक्त पहिल्या घरापाशी स्कूटर बंद करतो, उतरतो आणि नळापर्यंत, नळाच्या पुढे शेवटच्या घरापर्यंत ढकलत नेतो. चार मिनिटे जातात. आठवड्यातून दोनदा गाडी चुकते. पहिल्या दिवशी नळावरच्या बायकांनी विचारले, "पेट्रोल संपलं काय?" खरे सांगायला लाज वाटली. म्हटले, "हो."

तेव्हापासून माझे पेट्रोल रोज सकाळी त्याच ठिकाणी संपते. म्हातारीने नातीला सांगून ठेवले आहे. ती मुलगी हंडा खाली ठेवते आणि वळणापर्यंत मागून ढकलू लागते.